चहाची पेटी

आषाढ लागला की आमच्या मावल्याच्या घरात सगळ्यात आधी सादळते ती चहापत्ती. पापड, मीठ, शेव यांची पाळी नंतर. चहाचा डबा दिवसातून आठ-दहा वेळा उघडतो, आणि उघडतो तो नेमका शेगडीजवळ, वाफेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तळाची पत्ती काढताना पांढरट जाळी दिसली. आमच्यात तिला लीलण-फूलण म्हणतात. ती दिसली की हात आपोआप थांबतो, कारण तिच्यात अनंत जीव मानलेले. ती पत्ती उकळता येत नाही आणि मोरीतही ओतता येत नाही. पाव किलो चहा मी परसात आंब्याच्या बुडाशी सावलीला ठेवून दिला आणि त्या दिवशी ठरवलं, चहासाठी लाकडाची पेटी करायची.

सूनबाई म्हणाली, "आई, काचेची घट्ट झाकणाची बरणी आणू की. दोनशे रुपयांत काम होतं." तिचं खरंच होतं, थोडं सोडून. चहाचे वैरी चार. ओल, हवा, उजेड आणि दुसऱ्याचा वास. काच पहिल्या दोघांना अडवते, उजेडाला आत घेते. पण मी काही एवढा विचार करून बोलले नव्हते. मला पेटीच करायची होती.

माझ्या वडिलांचं हिंगणघाटला किराणा दुकान होतं. तिथे चहा यायचा तो प्लायवूडच्या पेट्यांतून. कडांना पत्र्याच्या पट्ट्या, त्यावर बारीक खिळे, आत चंदेरी कागद. पेटी फोडली की दुकानभर वास. रिकामी पेटी आम्हा बहिणींना मिळायची आणि तिच्यात बाहुल्यांचा संसार थाटला जायचा. त्या आधीच्या काळात चीनमधून निघणाऱ्या पेट्यांना आतून शिशाचा पत्रा असे. 1773 साली बोस्टनच्या बंदरात 342 पेट्या पाण्यात फेकल्या, त्याही चहाच्याच. इंग्रजांच्या घरात चहा इतका महाग होता की त्याच्या लहान पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली घरधनिणीच्या कमरेला. जपानात अजून लाकडाची, आतून पत्रा लावलेली चहापेटी करतात. तेव्हा माझा हट्ट अगदीच वेडेपणाचा नव्हता.

वाढईदादांना बोलावलं. मावला आता आदिलाबाद शहराला जवळजवळ चिकटलंय, तरी आमचे वाढई अजून सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून येतात. बोली आमची वऱ्हाडी-मराठवाडी खिचडी, मध्येच तेलुगू. 1956 साली राज्यांची रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात गेले, आम्ही इकडे राहिलो. पण बाजारातली मराठी काही कुणी उचलून नेली नाही. मी दादांना सांगितलं, पेटी मी करणार, तुम्ही फक्त जवळ बसून चुका सांगायच्या. त्यांना हसू आलं. "करा ना बाई. पटाशी बोटावर नका मारून घेजा म्हणजे झालं."

पहिली अडचण सांध्यापाशी आली. दादांनी पिशवीतून सरसाचा खडा काढला. सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला चिकटा. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, चिंचोक्याची खळ करा. तेलुगू मुलखातले खेळणी करणारे चिंचोके आणि लाकडाचा भुसा मिळवून लुगदी करतात, ते त्यांना ठाऊक होतं. मला आवडलं, पण ओलीत चिंचोक्याला कीड धरते आणि ज्या कारणासाठी पेटी करायची तेच कारण आत येऊन बसतं. शेवटी बाजारातला पांढरा गोंद आणि बांबूच्या खुंट्या. तो गोंद कारखान्यात रसायनांतून होतो, त्याच्या धुराचा आणि सांडपाण्याचा हिशेब कुणी मांडायचा हे मी विचारलं नाही. दादांनीही विचारलं नाही.

मग पॉलिश. चपड्याची करू म्हणाले, झकास चमकते. चपडा म्हणजे लाख. पळसावर, कुसुमावर, बोरीवर बारीक किडे चिकटून बसतात, आपल्याभोवती राळेसारखा थर काढतात. त्या काड्या तोडायच्या, खरवडायच्या, आतले जीव गेले की मागे राहतं ते आपल्या दारा-खिडक्यांवर चमकतं. आमच्या श्रावकाच्या व्रतांत पंधरा धंदे वर्ज्य सांगितलेत, त्यांना कर्मादान म्हणतात. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही ती यादी आहे. कोळसे पाडणं, जंगल तोडणं, हस्तिदंताचा व्यापार, विषाचा व्यापार, आणि त्यातच लाखेचा व्यापार. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी, त्याही आधी, कुणीतरी लाखेच्या त्या काडीकडे इतकं जवळून पाहिलं होतं याचं मला लहानपणापासून कौतुक वाटत आलंय. तर चपडा बाद. "मग मेण चोळा," दादा म्हणाले. मेण पोळ्याचं. तेही बाद. आता मात्र ते मांडी बदलून बसले. "बाई, तुमची पेटी होईल का नाही, मला काही भरवसा नाही." शेवटी जवसाचं तेल ठरलं. बाहेरून दोन हात, आतून लाकूड कोरडं, कारण तेलाचा वास चहा ओढून घेतो. सागाला स्वतःचा वास आहेच, चामड्यासारखा. म्हणून आत पत्र्याचा डबा हवा. तोही डाग देऊन जोडायचा नाही, डागात शिसं असतं, तर कडा दुमडून. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कापून, सोड्यानं धुऊन, उन्हात चार दिवस ठेवून मी तो दुमडला. 20 सेंटिमीटर लांब, 13 रुंद, 12 उंच. किलोभर पत्ती बसते.

हे सगळं एकेक नाकारताना मला फार बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. सरस नको, चपडा नको, मेण नको. एक प्रकारची ताठ मान येते. सूनबाईनं शेजारणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "आमच्या आई फार पाळतात." ऐकून मी दुसऱ्या खोलीत गेले नाही, तिथेच उभी राहिले.

राहिलं लाकूड. दादा म्हणाले, "फळ्या आणतो. बिलाच्या पाहिजेत की बिनबिलाच्या?"

आदिलाबादला हा प्रश्न कुणाला नवा नाही. इथला साग नावाजलेला. सरकारी डेपोतून, पावती आणि शिक्क्यासकट घेतला तर एक भाव. रात्री सायकलवर येतो त्याचा दुसरा. मी म्हटलं, दोन्ही नकोत, घरात आहे. मागच्या वर्षी मुलानं पुढचं दार काढून लोखंडी बसवलं होतं. जुनं सागवानी दार गोठ्यात भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्या एका फळीत पेटी सहज निघाली असती. नवं झाड पडणार नाही, पैसा जाणार नाही, जुनं कामी येईल. दादांनी दारावर बोटं वाजवली, नखानं एक ओरखडा काढून वास घेतला. "असा साग आता कुठं मिळतो बाई. हा जंगलाचा आहे. डेपोचा नाही."

मला ते माहीत होतं. गेल्या चाळीस वर्षांत कुणी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं, एवढंच.

1986 साली आम्ही हे घर बांधलं. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. उटनूरच्या बाजूच्या एका गुड्यावरचा गोंड माणूस चार-पाच रात्री फळ्या घेऊन आला. एका खेपेला दोन फळ्या, सायकलच्या दांड्याला बांधून, वर गवताचा भारा. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भाव केला. मोठ्यानं नाही केला, हळू आवाजात केला, आणि त्यामुळेच तो आणखी खाली आला. घासाघीस करायला त्या माणसाला जागाच नव्हती. चौकट झाली, दार झालं, दाराला चपड्याची पॉलिशही झाली. त्याला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही.

सहा-सात महिन्यांनी तो धरला गेला. आमच्या फळ्या आणताना नव्हे, दुसऱ्या कुणाच्या. सायकल गेली, कुऱ्हाड गेली, तो आत गेला. त्याची बायको आमच्या ओट्यावर आली, कडेवर पोर. दंडाला पैसे पाहिजे होते. मामाजींनी पन्नास रुपये आणि पाच पायली ज्वारी दिली आणि म्हणाले, कुणाच्या घरी माल दिला ते मात्र बोलायचं नाही. ती म्हणाली, "तो नाही बोलत." मी आतून चहा करून आणला. कप वेगळा होता. दाराच्या बाहेर, कोनाड्यात, कामाच्या बायकांसाठी ठेवलेला, कान तुटलेला. तिनं चहा पिऊन तो स्वतःच विसळला आणि पुन्हा कोनाड्यात ठेवला. कुठे ठेवायचा हे तिला सांगावं लागलं नाही.

तो खरंच बोलला नाही. आमच्या घरी कुणी आलं नाही.

आता आमच्या प्रतिक्रमणात तिसरं व्रत येतं, न दिलेलं न घेण्याचं. त्या व्रताला पाच दोष सांगितलेत. त्यातला पहिलाच चोरीचा माल घेण्याचा. दुसरा, चोराला मदत करण्याचा किंवा उत्तेजन देण्याचा. पुढे खोटी मापं, भेसळ वगैरे. म्हणजे चोरी करणाऱ्याइतकाच विकत घेणाराही त्यात धरलाय, शब्दात कुठे पळवाट ठेवलेली नाही. हा पाठ मी चाळीस वर्षं म्हणते आहे, संध्याकाळी, त्याच दारातून आत आलेल्या खोलीत बसून. पुढे पंधरा कर्मादानं येतात, त्यात लाख येते, आणि लाखेपाशी माझं मन दर वेळी जागं व्हायचं. चोरीच्या मालापाशी नाही. तिथे जीभ चालायची आणि मी पुढच्या ओळीत पोचलेली असायची.

हे असं का होतं, यावर मी पुष्कळ विचार केला. लाख सोडायला मला काही पडत नाही. सरस सोडायला चाळीस रुपये जास्त पडले. दार सोडायचं तर घर उघडं पडलं असतं, आणि मामाजींना तोंडावर सांगावं लागलं असतं. जिथे नाही म्हणायला फुकट आहे तिथे माझा धर्म भारी कडक. लाखेच्या किड्याची दया खोटी होती असं मी म्हणणार नाही, ती खरीच आहे. पण त्या दयेला मी एका सोयीच्या कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. किडा येऊन पन्नास रुपये मागत नाही.

घरात बोलले तेव्हा यजमान म्हणाले, "चोरी कुणाची? जंगल कुणाचं?" हा प्रश्न त्यांनी विषय मिटवायला विचारला, पण तो मिटवणारा प्रश्न नाही. निजामाच्या काळात इथली जंगलं राखीव झाली आणि त्यांत पिढ्यान्पिढ्या राहणारे गोंड-कोलाम एका रेषेनं घुसखोर ठरले. त्यावरूनच कुमरम भीम उठला आणि 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाला पाठवलं, हे लोक का चिडले ते पाहायला. 20 एप्रिल 1981 ला इंद्रवेल्लीला जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा 13 चा, लोक साठच्या वर सांगतात. आमचं दार त्यानंतर पाचच वर्षांनी झालं. 2006 चा वनहक्क कायदा आला, त्यात मोह, तेंदू, बांबू, मध यांवर त्यांचा हक्क मानला, इमारती लाकडावर नाही. तेव्हा तो माणूस आपल्याच आज्याच्या रानातलं झाड आणत होता, असं कुणी म्हटलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण त्यानं आम्ही सुटत नाही. उलट जास्तच अडकतो. झाड सरकारचं असेल तर आम्ही चोरीचा माल घेतला. झाड त्याचं असेल तर मालकाला चोर ठरवणाऱ्या भीतीचा फायदा घेऊन आम्ही ते पडत्या भावानं घेतलं आणि शिक्षा त्याला भोगू दिली. मला यातलं दुसरं जास्त वाईट वाटतं. यजमान म्हणाले, "तू पेटी करत होतीस ना?" आणि पेपर उघडला. ते वाईट माणूस नाहीत. मामाजीही नव्हते. आयुष्यभर पाणी गाळून प्यायले आणि माप पुरं दिलं.

त्या फळीची पेटी करावी की नाही? दार जाळलं तर झाड परत येत नाही. डेपोत नेऊन दिलं तर तिथल्या बाबूला ते कोणत्या रकान्यात लिहायचं ते कळणार नाही. तसंच गोठ्यात ठेवलं तर वाळवीसुद्धा त्याला लवकर खाणार नाही, सागाचा तो गुणच आहे. म्हणजे माझ्या डोळ्यासमोर ते माझ्याहून जास्त जगणार. मी महिनाभर करवत हातात घेतली नाही. मग घेतली. असं ठरवलं की पेटी करायची, पण ज्यांचं लाकूड त्यांना आधी जाऊन सांगायचं.

पेटीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फळीला रंधा मारला तेव्हा वरची काळपट पॉलिश गेली आणि आतून पिवळंधमक, ताजं लाकूड निघालं, चाळीस वर्षं झाली यावर विश्वास बसेना. गुण्या लावूनही एक कोपरा तिरका आला तो आलाच. दादांनी कोपऱ्यांना दाते पाडायला शिकवलं, पहिले दोन ढिले बसले, पुढचे बरे. झाकण पेटीवर बसतं करायचं की आत उतरतं, यावर आमचा वाद झाला. इथे उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी, मध्ये तलावाची ओल. लाकूड फुगतं-आकसतं. आत उतरणारं झाकण पावसाळ्यात अडकेल म्हणून बसतं केलं, आणि हवा अडवायचं काम आतल्या डब्याच्या झाकणावर सोपवलं. डाव्या बाजूला जुन्या कडीचं भोक राहिलं होतं. ते बुजवायला दादा तुकडा शोधत होते, मी नको म्हटलं.

कार्तिकात मी आणि मुलगा गुडीहतनूरवरून इंद्रवेल्ली, पुढे उटनूरकडे गेलो. गुड्याचं नाव मला आठवत होतं, माणसाचंही. तो दहा वर्षांपूर्वी गेला. बायको होती. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगणात कापूस निवडत बसलेली. कडेवरचं ते पोर आता चाळिशीचा माणूस, त्यानं खाट टाकली. मी सगळं सांगितलं. घर कुठलं, साल कुठलं, दार, पन्नास रुपये, ज्वारी. कपाचंही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिच्या मराठीत म्हणाली, "आदिलाबादला लई दारं केली त्यानं. तुमचं कोनतं, मले काय आठवत नाही."

मी याची तयारी करून गेले नव्हते. ती रागावेल, रडेल, पैसे मागेल, कदाचित "जाऊ द्या" म्हणेल, यातल्या प्रत्येकाला माझ्याकडे काही ना काही उत्तर होतं. मी चाळीस वर्षं जे ओझं म्हणून जपलं, निदान आता जपायला लागले होते, ते तिच्या हिशेबात वेगळं ओळखूसुद्धा येत नव्हतं. अशा किती ओट्यांवर ती पोर घेऊन उभी राहिली असेल. आमचा ओटा त्यातला एक.

तिच्या सुनेनं चहा केला. बिनदुधाचा, गुळाचा, स्टीलच्या पेल्यांत. दिवस मावळायला थोडाच वेळ होता. आम्ही रात्री पाणीही घेत नाही, आणि बाहेर पाणी गाळलंय का हे विचारल्याशिवाय मी कुठे काही घेत नाही. विचारलं नाही. प्यायले. मुलगा माझ्याकडे पाहत होता. हे मोठं काही केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पेला सगळ्यांचे होते तसाच होता, एवढं मात्र मी पाहून घेतलं.

मी पेटी पिशवीतून काढली आणि म्हटलं, ही तुमच्याच लाकडाची, ठेवून घ्या. तिनं हातानं चाचपून पाहिली, कडा, दाते, कडीचं भोक. त्या भोकात बोट घालून बघितलं. विचारलं, "कायची हाय?" चहा ठेवायची, मी म्हटलं. पावसाळ्यात पत्ती सादळू नये म्हणून.

ती हसली. म्हणाली, "आमच्या घरी चहा उरतच नाही बाई. आनला का संपला. ठिवाव काय याच्यात?" आणि पेटी माझ्या मांडीवर परत ठेवली. मुलाला मात्र म्हणाली, याच्या बापाचं लाकूड आहे, हात लावून बघ. त्यानं बघितली. वाकडा कोपरा त्याच्या लगेच लक्षात आला.

पैशांचं मी काय केलं ते लिहीत नाही. जे केलं ते थोडं होतं, आणि ते लिहिलं की पुन्हा मान ताठ व्हायची.

पेटी आमच्या ओट्यावर आहे. यंदाचा पावसाळा तिच्यावरून गेला. पत्ती सादळली नाही. सागाचा वास अजून थोडा येतो, सूनबाईला आवडत नाही, म्हणून तिनं तिच्यापुरती काचेची बरणी आणली आहे. कोनाड्यातला कान तुटलेला कप मी शोधला. तो कधीच फुटून गेला असणार. कोनाडा मात्र आहे, त्यात आता मीटर बसवलंय.